मानमोडी आणि पाण्यातली दवा

मानमोडी हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो पुस्तकात. बी.ए.ला मराठी घेतले होते, जुनी आत्मचरित्रे वाचावी लागत. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी साथ आली तिला त्या काळची मराठी माणसे मानमोडी म्हणत. पुढे कारकुनीला लागलो, फायलींच्या भाषेत बुडालो आणि तो शब्द विसरून गेलो. पुन्हा कानावर पडला तो थेट मध्यप्रदेशात, पांढुर्ण्यात, ताईच्या सासूबाईंच्या तोंडून. आणि तोही माणसांच्या नव्हे, कोंबड्यांच्या संदर्भात.

ताईला पांढुर्ण्याला दिली तेव्हा आमच्या वाड्यावरच्या लोकांना प्रश्न पडला होता की हे गाव आहे तरी कुठे. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसायचे, काटोल आणि नरखेड गेले की महाराष्ट्र संपतो आणि पांढुर्णा येते. महाराष्ट्र संपतो, मराठी संपत नाही. पांढुर्णा आणि सौसर हा सगळा संत्र्यांचा मुलूख. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर ही गावे मध्यप्रदेशात राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर छिंदवाड्यापासून वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा केला. घरात वऱ्हाडी ढंगाची मराठी, कचेरीत हिंदी, औषधाच्या पाकिटावर इंग्रजी. घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी हा प्रकार आपल्या गोव्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

ताईच्या सासूबाईंना घरात आणि गल्लीत सगळे माय म्हणतात, म्हणून मीही मायच म्हणतो. त्यांच्या परसात वीस-बावीस गावठी कोंबड्या असायच्या. रात्री खुराड्यात, पिले असलेली कोंबडी बांबूच्या डालग्याखाली, आणि दिवसभर सगळा गाव मोकळा. मुलगा शिक्षक आहे, घरी संत्र्याची थोडी बाग आहे, म्हणजे कोंबड्यांवर चूल पेटते असे नाही. पण अंड्यांचे आणि एखाद्या कोंबड्याचे जे पैसे येतात ते मायचे स्वतःचे. नातीच्या कानातले त्यातून झाले, औषधपाणी त्यातून, आणि जामसावळीच्या हनुमानाला जायचे गाडीभाडेही त्यातून. त्या पैशाचा हिशेब कुणी विचारत नाही. आपल्याकडे पेडण्या-डिचोलीच्या कितीतरी घरांत आज्यांचा कारभार असाच चालत आला आहे. मे महिन्यात पाहुणे येणार म्हणून कोंबडा राखून ठेवणारी आजी त्याचे वजन हातानेच जोखायची. बाजारातल्या ब्रॉयलरची शाकुती तिच्या लेखी शाकुतीच नव्हे.

२०२४ च्या पोळ्याला मी आठ दिवसांची अर्जित रजा टाकून तिकडे गेलो होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवायचे, एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि दोन्हीकडून दगडफेक. माणसे रक्तबंबाळ होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. त्याच दिवशी त्या भागात मारबत काढतात. गावातली रोगराई, किडे-मुंग्या, ईडापीडा जे काही असेल ते घेऊन जा असे मारबतीला ओरडून सांगायचे आणि ती गावाबाहेर नेऊन टाकायची. माय दारात उभ्या राहून आपल्या परीने त्यात कोंबड्यांच्या रोगाचीही भर घालत होत्या. कारण परसात पिलांना रक्ताची हगवण लागली होती.

पाऊस लागून राहिलेला, जमीन ओली, डालग्याखालचा भुसा कुबट. महिना-दीड महिन्याची पिले पंख सोडून, डोळे मिटून उभी. त्यांच्या विष्ठेत रक्त. मराठीत याला रक्ती हगवण म्हणतात, शास्त्रात कॉक्सिडिओसिस. आतड्यात वाढणारा अगदी सूक्ष्म परजीवी असतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ओलाव्यात पक्व होतात. पिलू माती उकरते, चोच घालते, पुन्हा पोटात जातात. म्हणून हा पावसाळ्यातला आणि पिलांचा रोग.

मायनी दुकानातून दोन पुड्या आणल्या होत्या. "दुकानदारानं देल्ली जी. दोनी पाण्यात टाकून द्या म्हणे." दुकानाचे नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण अशी दुकाने सगळीकडे आहेत. पुड्यांवरचे बारीक अक्षर वाचायचे काम माझ्याकडे आले. सरकारी कारकुनाला आयुष्यात दुसरे काही येवो न येवो, बारीक अक्षर वाचता येते. एका पुडीत अँप्रोलियम. ते अगदी बरोबर होते, या रोगावरचे जुने आणि नेमके औषध. दुसऱ्या पुडीत ताकदीची पावडर, म्हणजे मुख्यतः ब जीवनसत्त्वे.

गंमत अशी की या दोन पुड्या एकमेकींच्या वैरिणी आहेत. अँप्रोलियमची रचना ब-१ जीवनसत्त्वासारखी असते. परजीवी फसतो, ब-१ समजून तेच घेतो आणि उपाशी मरतो. आता त्याच पाण्यात आपण खरोखरचे ब-१ भरपूर ओतले तर त्याची उपासमार कशी व्हायची? रोगाला एका हाताने उपाशी ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने जेवायला वाढायचे! ताकदीची पावडर आठवडाभर बाजूला ठेवा, नंतर द्या, एवढे मी मायना सांगितले. तेवढे त्यांनी ऐकले. भुसा काढून कोरडा घातला, डालग्याची जागा बदलली. सात-आठ पिले आधीच गेली होती, उरलेली बहुतेक उभी राहिली.

म्हणजे पाण्यातले औषध लागू पडते. अडचण आहे ती पाण्याची.

पोल्ट्रीवाल्यांना हे सोपे असते. हजार कोंबड्या एका छपराखाली, पाणी फक्त नळीतून. टाकीत औषध घातले की प्रत्येकीच्या पोटात काही ना काही जाणारच. परसातल्या कोंबडीचे तसे नसते. मायनी जर्मनच्या गंजात (म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात) औषधाचे पाणी ठेवले आणि कोंबड्या शेजारच्या नाल्यावर पाणी पिऊन आल्या. पावसाळ्यात तर अंगणातले प्रत्येक डबके म्हणजे पाणपोईच. औषधाचे पाणी कडवट, डबक्याचे गोड. संध्याकाळी गंज भरलेलाच, आणि तेच पाणी दुसऱ्या दिवशीही पुढे ठेवलेले. उन्हात तापलेले, मातीने गढूळ, औषध निकामी झालेले. उन्हाळ्यात नेमके उलटे. तिकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि नेहमीच्या दुप्पट पाणी पिते. पुडीवर लिहिलेले असते लीटरला अमुक ग्रॅम. पाणी दुप्पट प्यायले की औषधही दुप्पट जाते.

यावर तोडगे आहेत आणि ते काही अवघड नाहीत. पिलांना औषध देण्याचे पाच-सात दिवस कोंडून ठेवायचे. सकाळी तासभर पाणी तोडायचे, मग दोन-चार तासांत संपेल एवढेच औषधाचे पाणी मातीच्या परळात सावलीत ठेवायचे. ते संपेपर्यंत दुसरे पाणी नाही. रोज नवीन कालवायचे. हे सगळे मी सांगितले, आणि मायनी मान डोलावून एकच वाक्य ऐकवले:

"बरोबर हाय तुमचं भाऊ. पन जिले रोग झाला ते पेईन तवा ना! ते बसली कोपऱ्यात मान टाकून. पाणी पेतात त्या चांगल्याच."

या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते खरेच आहे. जनावर आजारी पडले की आधी खाणे सोडते, मग पाणी. जिला औषधाची सर्वांत जास्त गरज तीच भांड्यापर्यंत पोचत नाही, आणि पोचली तरी धडधाकट कोंबड्या तिला टोचून मागे रेटतात. मग तिला मांडीवर घेऊन ड्रॉपरने थेंब थेंब चोचीच्या कडेने सोडायचे. माय ते करत. बावीस कोंबड्यांपैकी चार आजारी असतील तर ते जमते. बावीसच्या बावीस आजारी पडल्या तर?

पुढच्या फाल्गुनात तेच झाले.

त्याआधीच तिकडे भीतीचे वातावरण होते. २०२४ च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. २०२५ च्या सुरुवातीला छिंदवाड्यात पाळीव मांजरांत तोच विषाणू सापडला आणि तिथला कोंबडीबाजार काही काळ बंद ठेवला गेला. ताई फोनवर म्हणाली, "इथे कोंबडीचे नाव काढले तरी लोक तोंडाला रुमाल लावतात." आणि मग एका सकाळी मायच्या खुराड्यात दोन कोंबड्या मेलेल्या निघाल्या. दुपारी आणखी एक. बाकीच्या हिरवट हगत होत्या, तोंडे उघडून श्वास घेत होत्या. तिसऱ्या दिवशी काहींच्या माना पिळवटल्या. एक कोंबडा मान पाठीकडे वळवून, आकाशाकडे बघत स्वतःभोवती गोल गोल फिरत होता असे ताईने सांगितले. फोनमागून मायचा आवाज आला, "मानमोडी आली. गेल्या आता."

शास्त्रात ही राणीखेत. हे नावही ऐकण्यासारखे आहे. १९२६ साली हा रोग इंग्लंडात न्यूकॅसलला आणि तिकडे जावा बेटावर ओळखला गेला. पुढच्याच वर्षी आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला. जग त्याला न्यूकॅसल म्हणते, आपण राणीखेत. एवढे देखणे थंड हवेचे गाव आणि अर्ध्या हिंदुस्थानातल्या बायका त्याचे नाव घेताना कपाळाला हात लावतात! पांढुर्ण्याचे नाव बाहेर फक्त गोटमारीमुळे माहीत, त्यातलाच प्रकार. त्यापेक्षा आपले मानमोडी बरे, ते निदान काय होते ते सांगते. पण एक आहे. ते नाव रोगाच्या शेवटच्या पायरीवरून पडले आहे. मान मोडलेली दिसते तेव्हा करण्यासारखे काही उरलेलेच नसते.

कारण हा विषाणूचा रोग. यावर औषध नाही, ना पाण्यात ना चोचीत. मायच्या घरी त्या चार दिवसांत पाण्यात काय काय पडले याची ताईने मला यादीच सांगितली. हळद, लसूण, कडुनिंबाचा पाला, आणि दुकानातून आणलेली पिवळी पावडर, म्हणजे ऑक्सिटेट्रासायक्लिन. हे प्रतिजैविक. जिवाणूंवर चालते, विषाणूला त्याचे काही देणेघेणे नाही. शिवाय पाणी जड असेल तर त्यातला चुना या औषधाला धरून ठेवतो आणि ते आतड्यातून नीट रक्तात उतरत नाही. बावीसमधल्या तीन कोंबड्या वाचल्या. त्या औषधाने वाचल्या असे शेजारणी म्हणतात. लस न टोचलेल्या कळपातही काही पक्षी आपल्या अंगच्या ताकदीवर तरतात, पण शेजारणींना कोण समजावणार? त्यांच्या डोळ्यांदेखत पिवळे पाणी प्यायलेल्या तीन कोंबड्या जिवंत आहेत. पुढच्या खेपेला तीच पुडी आणली जाणार.

मला खटकते ती ही पुडी. ती कुणी चिठ्ठीवर देत नाही, साबणासारखी मिळते. त्या तीन कोंबड्या पुन्हा अंडी देऊ लागल्या तेव्हा ती अंडी घरातल्या नातीने खाल्ली. औषध चालू असताना आणि नंतर ठरावीक दिवस अंडी खायची नसतात हे पाकिटावर लिहिलेले असते, पण इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरात. कोलिस्टिन नावाचे एक प्रतिजैविक आहे. माणसावर बाकी सगळी औषधे हरली की डॉक्टर ते काढतात. ते आपल्या देशात कोंबड्यांच्या खाद्यात आणि पाण्यात सर्रास जात असे. सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याचा वापर बंद केला. चांगले केले. पण परसातल्या गंजात काय कालवले जाते ते पाहायला कोण येणार?

आणखी एक गोष्ट मी ताईला पहिल्या फोनलाच बजावली होती. एकदम इतक्या कोंबड्या मरतात तेव्हा घरच्या घरी पावडर कालवत बसायचे नाही. राणीखेत आणि बर्ड फ्लू वरवर पाहता सारखेच दिसतात. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हाही तिथले पोल्ट्रीवाले हे राणीखेत आहे असेच म्हणत होते. खरे काय ते भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत नमुना गेल्यावर कळते. भाऊजींनी जनावरांच्या दवाखान्यात कळवले. मेलेल्या कोंबड्या नाल्यात न टाकता चुना घालून खोल पुरल्या. माय नाराज होत्या. त्यांना वाटत होते की सरकारी माणसे येतील आणि राहिलेल्याही मारून टाकतील. ही भीती खोटी म्हणता येत नाही, बर्ड फ्लू निघाला तर तसे करावेच लागते. नवापूरला लाखो कोंबड्या मारल्या होत्या. सुदैवाने इथे राणीखेतच ठरले. सुदैव म्हणायचे तर म्हणायचे, खुराडे तर रिकामेच झाले होते.

या रोगावर लस आहे हे मात्र मला फार लागले. आजची नव्हे. मुक्तेश्वरच्या सरकारी संशोधन संस्थेत १९४० च्या दशकातच ती तयार झाली, म्हणजे स्वातंत्र्याच्या आसपासची गोष्ट. ती आर-टू-बी, मोठ्या पक्ष्यांना टोचायची. लहान पिलांसाठी लासोटा, पहिल्या आठवड्यात डोळ्यात एक थेंब आणि महिनाभराने पुन्हा. हीच लासोटा पाण्यातूनही देतात. म्हणजे पाण्यातून द्यायचेच तर ते रोग यायच्या आधी. तिथेही नियम आहेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते जिवंत लसीला मारते. म्हणून विहिरीचे पाणी घ्यायचे किंवा आधी थोडी दूधपावडर विरघळवायची. धातूचे भांडे नको. कालवल्यावर तास-दीड तासात संपली पाहिजे.

मग माय लस का देत नव्हत्या? अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. खरे कारण कुपीत आहे. लसीची लहानात लहान कुपी मिळते ती शंभर कोंबड्यांची, पाचशे आणि हजारांच्याही असतात. ती पोल्ट्रीवाल्यांच्या मापाने बनलेली. बावीस कोंबड्यांची बाई शंभराची कुपी कशाला फोडेल? फोडली की उरलेली दुसऱ्या दिवशी चालत नाही. शिवाय ती दोन ते आठ अंशांत ठेवायची, दुकानापासून खुराड्यापर्यंत बर्फात आणायची. पावडरची पुडी मात्र खिशात घालून आणता येते आणि फळीवर वर्षभर राहते. आपण औषध निवडतो ते पुष्कळदा रोगाकडे बघून नव्हे, कुपीकडे बघून.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने खास खेड्यातल्या कोंबड्यांसाठी, थोडी उष्णता सोसणारी आय-टू नावाची लस तयार केली आणि गरीब देशांना तिचे बीज फुकट दिले. मोझांबिक, टांझानियात गावातल्याच बाया-माणसांना शिकवून दर चार महिन्यांनी कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब घालतात. वाचले तेव्हा वाटले, हे पांढुर्ण्याच्या एका गल्लीत का होऊ नये? ताईला लिहून पाठवले. ताई मूळची गोव्याची, पण आता बोलण्यात पक्की वऱ्हाडी झाली आहे. तिने सरळ बचतगटात विषय काढला.

गल्लीत मोजल्या तर सगळ्यांच्या मिळून त्रेसष्ट कोंबड्या आणि पिले निघाली. शंभराच्या कुपीचे पैसे अकरा घरांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला एका अंड्याच्या किमतीहूनही कमी आले. दोघींनी नाही म्हटले. एकीचे म्हणणे लस दिली की कोंबडी अंडी घालायचे सोडते, दुसरीने मरीमायला कोंबडा कबूल केला होता, ती म्हणाली आमचे तिच्यावर. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आपल्याकडेही राखणदाराला कोंबडा दिला की परसातल्या साऱ्यांची राखण तोच करतो असे मानणारी घरे आहेत, आणि मी त्यांच्या पंक्तीला जेवलेलो आहे.

भाऊजींनी चहाच्या थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणली. पहाटे, कोंबड्या सोडायच्या आधी, कारण एकदा सोडली की गावठी कोंबडी हाती लागत नाही. माय एकेक धरून देत होत्या, ताई डोळ्यात थेंब सोडत होती, नात पायाला दोरा बांधत होती, म्हणजे तीच कोंबडी दोनदा नको. पाऊण तासात संपले. सदतीस थेंब उरले ते वाया गेले, याची माय अजून हळहळ करतात. पिलांना महिनाभराने पुन्हा दिली तेव्हा लस दिली की अंडी बंद होतात म्हणणारी बाई आपल्या पाच कोंबड्या टोपलीत घालून स्वतःच आली. मरीमायवाली अजून आलेली नाही.

गंजात औषध कालवणे मायनी अगदीच सोडलेले नाही. पावसाळ्यात अँप्रोलियमची पुडी फळीवर असते, ताकदीची पावडर वेगळ्या डब्यात. पिवळी पावडर ताईने उचलून ठेवली आहे. पुढच्या थेंबाची तारीख तिने कालनिर्णयवर लिहिली आहे, ती गोटमारीच्या दोन दिवस आधी येते. गोटमारीच्या दिवशी गावात येणे-जाणे मुश्कील, बर्फ आणायला कोण जाणार? थर्मास भाऊजींनी आता दोन घेतले आहेत.